ठोंबरे सरांची चूक

दुसऱ्या तासाला टीव्ही सुरू झाला तेव्हा ठोंबरे सरांना डोकं नव्हतं. खांद्यापासून खाली सगळं जागेवर होतं: करड्या रंगाचा सफारी, खिशातलं पेन, उजव्या हातातला खडू. डोकं मात्र पडद्याच्या वर कुठेतरी गेलं होतं आणि तिथूनच आवाज येत होता, "मुलांनो, आज आपण विस्तारसूत्रं पाहणार आहोत." आठवी अ खदाखदा हसली. मी रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. आवाज वाढला, भाषा बदलली, एकदा सगळं चित्रच निळं झालं. डोकं काही आलं नाही.

शेवटी शिपाई लंकाबाईला हाक मारली. या टीव्हीचं आणि तिचं बरं जमतं. तिने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "बंद करून परत लावा मॅडम. त्याला तेवढंच कळतंय." बंद केला, परत लावला. मग कंपनीचं चिन्ह, मग संस्थेचं चिन्ह, मग अध्यक्षांचा हसरा फोटो, मग एका वहीची जाहिरात, आणि या सगळ्यानंतर डोक्यासकट ठोंबरे सर. तोवर निम्मा तास गेला होता आणि मागच्या बाकावर दोघांनी डबा उघडला होता.

मी मराठी शिकवते. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण शाळेत ते आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. गणिताचा आणि माझा संबंध दहावीच्या निकालाच्या दिवशी संपला, आणि तो संपला म्हणून माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली होती. पण ठोंबरे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि ज्याचा तास मोकळा असेल त्याने आठवीवर जाऊन टीव्ही लावायचा असं ठरलं. माझा दुसरा तास मोकळा होता. एवढाच माझा गुन्हा.

जागा का भरत नाही असं कुणी विचारलं की आमचे हेडसर म्हणतात, "कशाला भरायची? ठोंबरे सर आहेत की." लॉकडाउनमध्ये संस्थेने जुन्या शिक्षकांना एकेक करून रिकाम्या वर्गात उभं केलं आणि त्यांचे सगळे धडे व्हिडिओत घेतले. तेव्हा ती तात्पुरती सोय होती. पुढे मुलं परत आली, सरांचं वय झालं, सर गेले, सोय तेवढी राहिली. टीव्हीच्या कंपनीची माणसं आली आणि त्यांनी तो भलामोठा टीव्ही थेट फळ्यावरच ठोकला, बरोबर मधोमध. आता दोन्ही बाजूंना वीत-वीत फळा उरलाय. डावीकडे आम्ही तारीख लिहितो, उजवीकडे पटसंख्या. मराठीच्या तासाला मला कवितेची एक ओळ लिहायची असली तर ती तीन ठिकाणी मोडावी लागते.

सर धड्यात मधूनमधून विचारतात, "आलं का लक्षात?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "होऽ सर." टीव्हीला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. एकदा तर नेमकी तेव्हाच वीज गेली, पडदा काळा झाला, आणि तरी वर्ग म्हणाला, "होऽ सर." त्यानंतर मला हसू येईनासं झालं.

घटक चाचणीचे पेपर तपासून आले आणि हेडसरांनी मला बोलावणं पाठवलं. शाळेत गणिताचं कुणी नसल्यामुळे आमचे पेपर पिंपळगाव बसवंतच्या शाखेत जातात. तिथल्या सरांनी गठ्ठ्यावर लाल शाईने शेरा मारला होता: सर्वांची चूक एकच आहे. प्रश्न साधा होता, ए अधिक बी कंसाचा वर्ग. सगळ्या वर्गाने लिहिलं होतं, ए वर्ग अधिक बी वर्ग. मधलं दोन एबी एकाही पेपरात नव्हतं.

"ही सामुदायिक कॉपी आहे, बोरस्ते मॅडम," हेडसर म्हणाले. "आणि वर्गावर तुम्ही होतात."

मी म्हणाले, कॉपी करताना पोरं बरोबर उत्तराची करतात, चुकीच्या उत्तराची अख्खा वर्ग कशाला करेल? हेडसरांना ते पटलं, पण पटून उपयोग नव्हता, कारण शेरा लाल शाईत होता. सोमवारी फेरचाचणी घ्यायची असं त्यांनी ठरवलं. पुन्हा सगळ्यांची तीच चूक निघाली तर वर्गाचे गुण रद्द होणार, कॉपीचा अहवाल संस्थेकडे जाणार आणि त्यात पर्यवेक्षक म्हणून माझं नाव असणार.

गंमत म्हणजे गणितातलं हे एकच सूत्र मला झोपेतही येतं. त्याला कारण ठोंबरे सरच. कितीतरी वर्षं माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. शाळा सुरू होऊन जरा स्थिरावली की दरवर्षी एक दिवस असा यायचा, मी हळू आवाजात कविता वाचत असायचे, पोरं जरा कुठे रंगलेली असायची, आणि भिंतीपलीकडून एकदम गर्जना यायची, "सर, मधलं राहिलं!" बाकांचा खडखडाट, पन्नास-साठ पोरं उभी. मग सरांचा शांत आवाज, "बसा, बसा. बरोबर आहे." आणि दारातून पाहिलं तर सर हाताचा पंजा हवेत खाली दाबत असायचे, फुगलेलं दूध बसवावं तसा.

सर मुद्दाम चुकायचे. ही त्यांची शिकवायची रीत होती. फळ्यावर चुकीचं लिहायचं, वळायचं, भुवया उंचावून वर्गाकडे बघत उभं राहायचं, आणि कुणीतरी पकडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. माझी कविता दरवेळी वाया जायची. मी स्टाफरूममध्ये भांडायचे, तुमचा वर्ग तालमीसारखा ओरडतो म्हणायचे. ते डबा पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "थालीपीठ घ्या, बाई." चांदवडकडचा माणूस, रागाला राग कधी द्यायचा नाही. त्यानेच मला जास्त राग यायचा.

हेडसरांच्या खोलीतून निघाले ती थेट वर्गावर गेले आणि पायलला बाहेर बोलावलं. पायल वर्गात पहिली येणारी. तिचे वडील शाळेजवळच्या द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करतात. खोटं बोलायची तिला गरज पडत नाही.

"कॉपी कशाला करू मॅडम? सरांनीच तसं शिकवलंय," ती म्हणाली.

पुस्तक उघडलं नाहीस का, असं मी विचारलं. उघडलं होतं, ती म्हणाली, पण पुस्तकात मधे काहीतरी जास्तीचं होतं. मग कोणाचं खरं धरायचं? तिने सरांचं धरलं. तिच्या भावाला ठोंबरे सर होते आणि भाऊ म्हणतो, सर एक नंबर होते. हे सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मॅडम, ते वारले ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. पण ते नुसते टीव्हीतच असतात ना."

मधल्या सुट्टीत मी रिकाम्या वर्गात बसून तो धडा परत लावला. बाहेर द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे ट्रकांचे हॉर्न चालले होते. व्हिडिओत मात्र एकही हॉर्न नाही. लॉकडाउनमधली द्वारका. सरांच्या खडूचा फळ्यावरचा आवाज तेवढा ऐकू येतो. त्यांनी आधी वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिलं, तीन अधिक चार कंसाचा वर्ग, म्हणजे साताचा वर्ग, म्हणजे एकोणपन्नास. त्यावर काही बोलले नाहीत. मग मधे मोठ्या अक्षरांत ए अधिक बी कंसाचा वर्ग लिहिलं, बरोबरचं चिन्ह काढलं, आणि पुढे ए वर्ग अधिक बी वर्ग. खडू वर धरून ते वळले, भुवया उंचावल्या. आणि चित्राने उडी मारली. पुढच्या क्षणी फळा कोरा होता, सर दुसऱ्याच जागी उभे होते आणि विचारत होते, "आलं का लक्षात?"

मी संध्याकाळी सरांना फोन लावला. ते आता आडगाव नाक्याच्या पलीकडे मुलाकडे राहतात. चार शब्द चौकशीचे बोलावेत एवढंही मला सुचलं नाही, दिवसभराचा वैताग सगळा त्यांच्यावर काढला. म्हटलं, "मुद्दाम चुकायचं होतं तर समोर पोरं तरी असायला हवी होती ना, सर. कॅमेरा काय ओरडणार होता?"



"मी थांबलो होतो, बाई," सर म्हणाले. "समोर कुणी नाही हे दिसत होतं. पण हात लिहून गेला, मान वळली, आणि मग थांबलोच. सवय. मग माझं मीच पुसलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. मधलं कुठून येतं तेही. ते नाही का त्यात?"

नाही म्हणून सांगितलं.

"म्हणजे तेव्हापासून मी पोरांना चूक शिकवतोय?" त्यांनी विचारलं, "आणि कुणीच ओरडलं नाही?"

"कुणावर ओरडणार, सर?"

शुक्रवारी मी ठरवलं, एवढं काय अवघड आहे, आपणच सांगू. टीव्ही लावलाच नाही. फळ्याच्या डाव्या पट्टीवर तारखेच्या खाली लिहिलं आणि म्हटलं, मधे दोन एबी येतं, लिहून घ्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. मग पडताळा म्हणून एक्स अधिक पाच कंसाचा वर्ग घातला. सगळ्यांनी लिहिलं, एक्स वर्ग अधिक पंचवीस. माझा पारा चढला. आत्ता सांगितलं ना, म्हणून मी ओरडले, तर पायल म्हणाली, "मॅडम, ते एबीचं होतं. यात ए पण नाही आणि बी पण नाही." आणि मग तिने तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "पण मधे ते का येतं, मॅडम?" मी म्हटलं, येतं म्हणून येतं. यापुढे माझं गणित जात नाही.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत सर शाळेत आले. कलप लावणं सोडलेलं, सगळे केस पांढरे, सफारीऐवजी सदरा, हातात कापडी पिशवी. फाटकावरच्या नव्या वॉचमनने ओळखपत्र मागितलं. चाळीस पावलांवर, शेजारच्या नववीच्या खिडकीतून दिसणाऱ्या टीव्हीवर, धडा संपून त्यांचाच चेहरा थिजलेला होता, पण वॉचमनने तिकडे पाहिलं नाही. आठवीची पोरं घोळक्याने त्यांच्या अंगावरून गेली. पायलने त्यांच्यासाठी वाट केली आणि म्हणाली, "आजोबा, ऑफिस त्या बाजूला आहे."

सर म्हणाले, "हो का? बरं."

आम्ही आधी वरच्या मजल्यावर संस्थेच्या ऑफिसात गेलो. ते व्हिडिओ कापून-जोडून नीट करायचं काम संगणकवाल्या सनीने केलं होतं. सनी भला माणूस आहे, त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला. कापलं कसं हे त्याला आठवत होतं, कारण तेव्हा सगळे धडे दहा मिनिटांत बसवायचा हुकूम होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही ते दोनदा लिहिलं होतं ना. आधी लिहिलं, मग कितीतरी वेळ नुसते उभे राहिलात, मग पुसून परत लिहिलं. मला वाटलं रिटेक घेतलाय. मग दोन्हींतला पहिला ठेवला."

"पहिला का?" मी विचारलं.

"पहिल्यात सर फ्रेश दिसत होते. दुसऱ्यात डोळे पुसत होते."

"खडूची धूळ गेली होती," सर म्हणाले.

मूळ चित्रीकरण सनीने तेव्हाच काढून टाकलं होतं, जागा नव्हती. आता आहे तो तुकडा काढता येईल का, तर तो कंपनीकडे कुलूपबंद. बदल करायचा तर वार्षिक सभेत मंजुरी घ्यावी लागते, आणि सभा परीक्षेनंतर असते. निदान पडद्यावर खाली एक ओळ टाका, सूत्र पुस्तकातलं वाचावं म्हणून, असं सर म्हणाले. ओळ टाकणं हाही बदलच असतो, सनी म्हणाला, आणि त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

मग हेडसर. सरांनी त्यांच्यापुढे अगदी साधी मागणी ठेवली. उद्या शनिवारी आठवीवर एक तास द्या, काही नको, नुसता तास द्या, फेरचाचणीच्या आधी एवढं नीट करून जातो. हेडसर सरांचे जुने सहकारी. ते उठून उभे राहिले, सरांचा हात हातात घेतला आणि नाही म्हणाले.

"सर, माझी अडचण समजून घ्या. कागदोपत्री आठवीला गणिताचा शिक्षक आहे. तुम्हीच आहात. आता तुम्ही आत शिकवताय आणि बाहेरूनही शिकवायला आलात, तर मी वर काय कळवू? उद्या कुणी विचारलं, शिक्षक होता तर दुसरा कशाला बोलावला?"

"मग मी निवृत्त झालो ते?"

"ते वेगळं, सर. ते आस्थापनेचं." हेडसरांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "तुम्ही कुठे निवृत्त झालात? रोज शिकवताय की."

हे त्यांनी प्रेमाने म्हटलं होतं, आणि म्हणूनच मला समोरचा पेपरवेट उचलावासा वाटला. सर मात्र हसले. एवढं सगळं ऐकून हा माणूस हसतो कसा, याचीही मला चीड आली.

फाटकापर्यंत मी त्यांना सोडायला गेले. मी म्हटलं, मी सकाळी पोरांना सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. सर म्हणाले, "सांगून येत नाही ते, बाई. तुम्ही सांगितलं, त्यांनी लिहिलं, विषय संपला. त्यांनी मला पकडायला पाहिजे. एकदा मास्तरला चुकीत पकडलं की पोरगं ते जन्मात विसरत नाही."

"टीव्हीला कसं पकडणार?"

त्यांनी जरा विचार केला. "त्याला मधेच थांबवता येतं का?"

येतं, एक बटण आहे, मी म्हटलं. पण ते कुणी वापरत नाही, कारण टीव्ही फार वेळ थांबवला की कंपनीकडे लाल खूण पडते. वर्गात कुणी शिकत नव्हतं असा त्याचा अर्थ लावतात, संस्थेला कळवतात, आणि संस्था लेखी खुलासा मागते.

"मग राहू द्या. तुमच्या अंगावर नको," असं म्हणून ते रस्त्याला लागले. मी आत वळणार तोच ते परत आले. "मी लिहून वळलो की लगेच दाबायचं, बाई. आणि मग एक अक्षर बोलायचं नाही. पोरं चुळबुळ करतील. तुम्हाला राग येईल, तुम्हाला येतोच. तरी बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"ओरडेपर्यंत," सर म्हणाले. "मी बाहेर बाकावर असेन. वर्गात येणार नाही, हेडसरांना शब्द दिलाय."

शनिवारी सकाळची शाळा. आठवीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात पालकांसाठी एक लाकडी बाक आहे, सर त्यावर येऊन बसले होते. पिशवी मांडीवर. लंकाबाईने त्यांना पाणी आणून दिलं आणि जाताना पदराने बाकाचा दुसरा कोपरा पुसला, जणू आणखी कुणी येणार आहे. मी आत गेले, टीव्ही लावला, आणि अर्थातच ठोंबरे सरांना डोकं नव्हतं. बंद केला, परत लावला. कंपनी, संस्था, अध्यक्ष, वही. मग सर.

कोपऱ्यात एकोणपन्नास लिहून झालं. मधे मोठं सूत्र आलं. सर वळले, मी बटण दाबलं, आणि आवाज वाढला. चुकीचं बटण. परत दाबलं. सर थांबले. खडू वर, भुवया वर, डोळे थेट वर्गावर. पाच वर्षांपूर्वी रिकाम्या बाकांकडे पाहत होते तसे.

"मॅडम, अडकलं," पुढचा एक जण म्हणाला. मी बोलले नाही. दुसऱ्याने सुचवलं, बंद करून परत लावा. कुणी पाणी प्यायला जाऊ का विचारलं, कुणी खिदळलं, मागे कुणीतरी कंपासपेटी पाडली. वर्गात टीव्ही चालू आहे आणि आवाज नाही हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मला हातातला रिमोट फेकून द्यावासा वाटत होता. पोरांवर खेकसायला शब्द अगदी ओठांवर आले होते: डोळे फुटलेत का, समोर बघा, वर काय लिहिलंय ते बघा. मी दात आवळून उभी राहिले. सर हे दरवर्षी कसं करत असतील? मला वाटायचं त्यांना राग येत नाही. येत असणार. माझ्यासारखाच येत असणार.

पडद्याच्या खालच्या कडेला लाल पट्टी उमटली आणि तिच्यात पांढरी अक्षरं आली: वर्ग निष्क्रिय आहे. पुढे चला.

"मॅडम," पायल हळूच म्हणाली, "सर आपल्याकडेच बघतायत."

मग ती सरांकडे बघायला लागली. तिच्या शेजारच्या मुलीही बघायला लागल्या. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. सरांच्या चेहऱ्यावरून नजर फळ्यावर गेली, फळ्यावरून वरच्या कोपऱ्यात गेली. कुणाचे तरी ओठ हलायला लागले. तिनाचा वर्ग नऊ. चाराचा सोळा. पंचवीस. "मग वर एकोणपन्नास कसे?" असं कुणीतरी विचारलं, मला नाही, आपापसात. बेरीज परत झाली. पंचवीसच. साताचा वर्ग परत झाला. एकोणपन्नासच. चोवीस कमी पडतायत, एक जण म्हणाला, आणि मागचे दोघे डबा उघडणारे, ते उठून पुढे आले आणि बोटांवर काहीतरी करू लागले. तीन चोक बारा. बारा दोनदा.

पायल उभी राहिली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिने. टीव्हीकडे बोट करून ती म्हणाली, "सर, तुम्ही चुकलात. मधलं राहिलंय."

मग सगळा वर्ग उठला. बाक खडखडले, पुढचे, मागचे, खिडकीकडचे, सगळे एकदम, "सर, मधलं राहिलं!" पलीकडच्या वर्गात कुणाची कविता चालली असेल तर वाया गेली असणार. व्हरांड्याच्या टोकाला हेडसरांच्या खोलीचं दार उघडलं. पडद्यावरची लाल पट्टी आता लुकलुकत होती, वर्ग निष्क्रिय आहे, आणि तिच्या वर सर खडू उचलून तसेच वाट बघत होते.

पुढे काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर ठोंबरे सर समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. डोळे मिटलेले, पिशवी मांडीवर, आणि उजव्या हाताचा पंजा हवेत हळूहळू खाली दाबत होते. बसा, बसा.

आत पोरं उभीच होती.